रोज 14 किमी शहरात, महिन्यातून एकदा कोल्हापूर: डिझेल घ्यावी की पेट्रोल?

पंचगंगाकाठ

नमस्कार. चार मीटरच्या आतली नवी एसयूव्ही घ्यायची आहे. शोरूम किंमत 12 ते 13 लाखांपर्यंत. वापर नेमका सांगतो, म्हणजे उत्तरे मोघम येणार नाहीत.

रोज कोथरूड ते शिवाजीनगर, एका बाजूने 7 किमी. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी चाळीस मिनिटे, मधले आठ तास गाडी उभी. शिवाय मंडई, शाळा, दवाखाना अशा 2–3 किमीच्या फेऱ्या. महिन्यातून एकदा कोल्हापूर, जाऊन-येऊन साधारण 460 किमी. वर्षातून दोनदा तिथून आंबा घाटाने रत्नागिरी, पाच माणसे आणि सामान. सगळे मिळून वर्षाला 11,000 किमी धरा. गाडी किमान 8–9 वर्षे ठेवणार.

प्रश्न असे:
1. एवढ्या वापरात डिझेलचे जास्तीचे पैसे वसूल होतात का?
2. शहरात डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक होतो म्हणतात, ते कितपत खरे आणि नेमके का होते?
3. पेट्रोल घेतली तर भरलेली गाडी घाट नीट चढेल का? साधे 1.2 लिटरचे इंजिन की 1.0 लिटरचे टर्बो (हवा दाबून आत ढकलणारे)?
4. ई20 पेट्रोलने (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) ॲव्हरेज किती पडते?
5. तीन वर्षे वापरलेली डिझेल चांगल्या भावात मिळाली तर काय तपासावे?

---

इंधनवही

पहिल्या प्रश्नाचा हिशेब मांडतो. भाव तुमच्या दिवसाचे घाला. मी पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपये धरले आहे.

तुमच्या मिश्र वापरात टर्बो पेट्रोल 14 आणि 1.5 डिझेल 18 चे ॲव्हरेज देईल असे धरू (टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, डॅशबोर्डवरचा आकडा नव्हे, तो बहुतेक वेळा थोडा जास्त दाखवतो). पेट्रोल किलोमीटरला 7.43 रुपये, डिझेल 5.06 रुपये. फरक 2.37 रुपये. 11,000 किमीला वर्षाचे 26,000 रुपये वाचले.

आता दुसरी बाजू. शोरूम किमतीत फरक समजा 1,20,000. इथे बरेच जण थांबतात आणि रस्ता कर विसरतात. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या गटात पेट्रोलला 12 टक्के आणि डिझेलला 14 टक्के कर आहे. पेट्रोल गाडी 12 लाखांची असेल तर कर 1,44,000. डिझेल 13.20 लाखांची, तिचा कर 1,84,800. म्हणजे आणखी 40,800. रस्त्यावर येईपर्यंत फरक 1.60 लाखांवर गेला, विम्याचा फरक वेगळाच.

डिझेलच्या सर्व्हिसिंगला वर्षाला 4,000 जास्त धरा: ऑइल जास्त लिटर लागते, डिझेल फिल्टर महाग असतो. 26,000 वजा 4,000 म्हणजे 22,000. 1.60 लाख भागिले 22,000, म्हणजे सव्वासात वर्षे. तुम्ही 8–9 वर्षे गाडी ठेवणार, म्हणजे कागदावर शेवटच्या एक-दीड वर्षात फायदा सुरू होतो. एखादा सेन्सर किंवा इंजेक्टर गेला की तोही संपतो. हाच हिशेब वर्षाला 20,000 किमीने केला आणि सर्व्हिसिंगला 6,000 जास्त धरले, तरी चार वर्षांच्या आत पैसे वसूल होतात.

एक बदल नोंदवून ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना जीएसटी सारखाच, 18 टक्के आहे. आधी 28 टक्क्यांवर पेट्रोलला 1 आणि डिझेलला 3 टक्के सेस होता. तो फरक गेला, राज्याच्या करातला राहिला.

'हायवे म्हणजे डिझेलच' हे घरोघरी अजून ऐकू येते, त्याचे मूळ 2012 च्या आसपासच्या भावांत आहे. तेव्हा दोन्ही इंधनांत लिटरमागे 30 रुपयांच्या आसपास फरक होता. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले आणि फरक आटत गेला. वर धरलेल्या भावांत तो 13 रुपये आहे. त्या काळचा सल्ला तेव्हा बरोबर होता, आज तो जसाच्या तसा लावता येत नाही.

आणि लिटरच्या ॲव्हरेजमध्ये एक भ्रमही असतो. एक लिटर डिझेलचे वजन साधारण 830 ग्रॅम, पेट्रोलचे 740. त्यामुळे लिटरमागे ऊर्जाच 10–12 टक्के जास्त असते. डिझेल इंजिनाची खरी करामत उरलेल्या फरकात आहे: जास्त कॉम्प्रेशन (साधारण 16 पट, पेट्रोलमध्ये 10–11), आणि हवा अडवणारा थ्रॉटल पेट्रोलसारखा वापरावा लागत नाही. रांगेत रांगताना पेट्रोल इंजिन अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यात शक्ती घालवते. डिझेल तिथे फारच कमी पिते.

हे सगळे झाले पैशाचे. तुमच्या बाबतीत निर्णय दुसऱ्या प्रश्नावर व्हायला हवा.

---

काजळी आणि राख

अगदी बरोबर. तुमच्या पोस्टमध्ये 11,000 हा आकडा फारसा महत्त्वाचा नाही. महत्त्वाचा आहे 7. चावी फिरवल्यापासून इंजिन सलग किती चालते, यावर बीएस6 (प्रदूषणाचे सध्याचे मानक) डिझेलची तब्येत ठरते. तळेगावहून आठवड्यातून दोन-तीनदा 40 किमी येणाऱ्या माणसाचे वर्षाचे किलोमीटर तुमच्याइतके असले तरी त्याला हा त्रास सहसा होणार नाही, तुम्हाला होईल.

कारण सविस्तर सांगतो, कारण शोरूममध्ये हे कोणी समजावत नाही आणि नंतर दोष गाडीच्या माथी मारला जातो.

1 एप्रिल 2020 ला बीएस4 वरून थेट बीएस6 आले. डिझेल कारसाठी धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला 25 मिलिग्रॅमवरून 4.5 वर आली, नायट्रोजन ऑक्साइडची 250 वरून 80 वर. एवढी काजळी अडवायला सायलेन्सरच्या आधी डीपीएफ बसवावाच लागतो. आतून तो सिरॅमिकच्या पोळ्यासारखा असतो. नळ्या एकाआड एक टोकाला बुजवलेल्या, त्यामुळे धूर भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो आणि काजळी भिंतीवर बसते. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब दोन बारीक नळ्यांतून एका सेन्सरकडे जातो. त्यावरून आणि गाडी कशी चालली यावरून ईसीयू (इंजिनाचा संगणक) आत किती ग्रॅम काजळी साठली असेल याचा अंदाज बांधतो.

ही काजळी जाळावी लागते. हायवेला सलग चालताना धूर 300–400 अंशांपर्यंत तापतो आणि नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने थोडी-थोडी काजळी आपोआप जळत राहते. शहरात 7 किमीत तेवढी उष्णता बनतच नाही. मग ईसीयू दुसरा मार्ग घेतो: पिस्टन खाली जात असताना उशिरा थोडे जास्तीचे डिझेल सोडतो, ते फिल्टरच्या आधीच्या कॅटलिस्टमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जळते आणि फिल्टर 600 अंशांच्या आसपास तापतो. याला रीजनरेशन म्हणतात. 10 ते 20 मिनिटे लागतात. वापराप्रमाणे दर 300 ते 600 किमीला होते, शहरात त्याहून लवकर.

ते चालू असताना बहुतेक गाड्यांत दिवा लागत नाही, पण खुणा असतात. आयडलिंग 800 वरून हजारच्या घरात जाते, त्या क्षणाचे ॲव्हरेज एकदम पडते, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो, बाहेर तापल्याचा वास येतो.

आता तुमची रोजची फेरी पाहा. इंजिन गरम व्हायला 4–5 किमी. रीजनरेशन सुरू झाले तर नळस्टॉपच्या आसपास, आणि पाच-सात मिनिटांत पार्किंगमध्ये चावी बंद. अर्धवट राहिले. संध्याकाळी पुन्हा तेच. प्रत्येक अर्धवट प्रयत्नात उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतो. पेट्रोल ऑइलमध्ये मिसळले तर गरम झाल्यावर बरेचसे उडून जाते. डिझेल जड असते, सहज उडत नाही. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढू लागते आणि ते पातळ होते. त्याचा मार टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगला बसतो. फिल्टर चोक झाला तर निदान दिवा लागतो. पातळ झालेले ऑइल बहुतेक गाड्यांत काही कळवत नाही, म्हणून मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन ऑइलमधल्या धातूयुक्त ॲडिटिव्हची राख फिल्टरमध्ये कायमची साठते. म्हणून लो-सॅप्स (कमी राख करणारे) ऑइलच घालायचे: डब्यावर एसीईए सी2 किंवा सी3 असे लिहिलेले असते, गाडीच्या पुस्तकात कोणते ते पाहा. कोपऱ्यावरच्या दुकानातले ट्रकचे 15डब्ल्यू-40 घातले तर राख कितीतरी लवकर भरते.

मोठ्या आणि बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत याशिवाय धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला ॲडब्लू लागते, म्हणजे 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध केलेले पाणी. कारला साधारण 1000 किमीला 1 लिटरच्या आसपास. टाकी रिकामी झाली की गाडी आधी किलोमीटर मोजून इशारा देते आणि मग बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. गावाकडे घरात खताचे पोते असते म्हणून एक गोष्ट आवर्जून: शेतातला युरिया पाण्यात विरघळवून कधीही घालू नका. आपल्याकडचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो आणि त्यात इतर क्षारही असतात. इंजेक्टर आणि कॅटलिस्ट दोन्ही जातात. ॲडब्लू चुकून डिझेलच्या टाकीत गेले तर चावीला हात न लावता गाडी टो करून न्यायची.

---

घाटमाथा

तिसरा आणि चौथा प्रश्न मी घेतो.

साधे 1.2 पेट्रोल साधारण 115 न्यूटन-मीटर टॉर्क देते, तेही 4000 आरपीएमला. 1.0 टर्बो 170 च्या घरात, 1500 पासून. 1.5 डिझेल 250 किंवा जास्त, तेही 1500 च्या आसपासच. पाच माणसे आणि सामान धरून गाडी दीड टनाच्या वर जाते. साखरप्याकडून आंबा घाट चढताना साधे 1.2 दुसऱ्या गियरमध्ये 3500–4000 वर धरावे लागेल. चढणार नाही असे नाही, पण समोर उसाची किंवा चिऱ्याची ट्रक आली की ओव्हरटेकला जीव उरत नाही. तुमच्या वापराला साधे 1.2 नको, टर्बो घ्या.

टर्बो पेट्रोलला घाटात दम असतो, पण ती पितेही तशीच. भरलेल्या गाडीने सलग चढाला 9–10 चे ॲव्हरेज आले तर घाबरू नका. टर्बोला थंड ठेवायला आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी खडखड) टाळायला जोर लावताना मिश्रण घट्ट केले जाते. तीच गाडी कोल्हापूर रस्त्याला 90 च्या वेगाने 17–18 देते. 110–120 ला नेली की 14. डिझेलमध्ये हा उतार-चढाव फार कमी असतो, आणि हायवेला डिझेलची मजा वेगळी आहे हे मी मनापासून मानतो. पाचव्या-सहाव्या गियरमध्ये चढ आल्याचे कळतही नाही.

टर्बो पेट्रोलची पथ्ये:

वरच्या गियरमध्ये 1200–1400 आरपीएमला गाडी रेटू नका. कमी आरपीएम आणि जास्त भार या स्थितीत ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकते, त्याने पिस्टनच्या कडा फुटतात. एक गियर खाली घ्या. ऑइल एपीआय एसपी दर्जाचे घाला. तो दर्जा आणताना ही अडचण लक्षात घेतलेली आहे.

डायरेक्ट इंजेक्शन असेल तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन चढतो. 60,000–80,000 किमीनंतर सकाळी इंजिन थरथरू लागले तर कॉइल-प्लग बदलण्याआधी कॅमेरा घालून व्हॉल्व्ह बघायला सांगा. अक्रोडाच्या कवचाचा भुगा दाबाने मारून ते साफ करतात. टाकीत ओतायच्या बाटलीने हे काम होत नाही, कारण ते पेट्रोल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच सोडणाऱ्या) टर्बोला ही कटकट नाही, म्हणून घेण्याआधी इंजिन कोणत्या प्रकारचे आहे ते विचारून घ्या.

घाट चढून हॉटेलवर थांबलात की लगेच चावी बंद करू नका, मिनिटभर आयडलिंगला ठेवा. हे डिझेललाही लागू.

ई20 बद्दल. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे 20 टक्के मिसळले की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा 6–7 टक्क्यांनी आणि ई10 च्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते. 15 देणारी गाडी 14–14.5 देईल, यापेक्षा जास्त पडत असेल तर कारण दुसरीकडे शोधा: टायरमधली हवा, एअर फिल्टर, ब्रेक अडकणे. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे रबर, सील आणि पंप ई20 धरून बनवलेले आहेत, टाकीच्या झाकणाजवळ तसे लिहिलेले असते. जुन्या गाडीला रबरी नळ्यांकडे लक्ष द्यावे लागते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, आत हवा कमी राहील. पंचगंगेकाठच्या उसाचा काही अंश त्या टाकीत असतो, तेव्हा कोल्हापूरकरांनी एवढी माहिती ठेवायलाच हवी.

---

पंचगंगाकाठ

खूप आभार. दोन शंका. डिझेल घेतलीच आणि दर पंधरा दिवसांनी मुद्दाम खेड शिवापूरपर्यंत चक्कर मारली तर डीपीएफ साफ राहील का? आणि दिवा लागलाच तर नेमके काय करायचे, क्रमाने सांगाल का?

---

इंधनवही

चक्करीचा खर्च आधी बघा. कोथरूडहून खेड शिवापूर जाऊन-येऊन 50 किमी धरा. महिन्यातून दोनदा म्हणजे वर्षाला 1200 किमी, हायवेला 20 चे ॲव्हरेज धरून 60 लिटर, साडेपाच हजार रुपये. तुमच्या 22,000 च्या बचतीतले चौथाई गेले. पैसे वसूल व्हायला सव्वासातऐवजी जवळजवळ दहा वर्षे लागतील. जाळायला म्हणून डिझेल जाळायचे असेल तर ते घेण्याचे कारणच उरत नाही.

---

काजळी आणि राख

साफ राहण्याची शक्यता बरीच वाढेल, खात्री नाही. रीजनरेशन तुमच्या सोयीने सुरू होत नाही. आत पुरेशी काजळी साठल्याशिवाय ईसीयू ते सुरू करत नाही, आणि तुम्ही परत आल्यावर दोनशे किमीनंतर नेमके कर्वे रोडला सुरू होऊ शकते.

दिवा लागला तर:

फक्त डीपीएफचा पिवळा दिवा स्थिर लागला आहे, चेक इंजिनचा दिवा नाही, पिकअप नेहमीसारखे आहे, अशाच स्थितीत स्वतः प्रयत्न करायचा. आधी सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पुसून पाहा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर थांबा. ऑइल बदलल्याशिवाय गाडी जोरात पळवायची नाही. पातळी फार वाढली तर इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून बेफाम फिरू शकते.

ऑइल ठीक असेल तर टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल आहे ना बघा. रिझर्व्हवर असताना बऱ्याच गाड्या रीजनरेशन सुरूच करत नाहीत. मग चांदणी चौकातून बायपासला लागा, कात्रजच्या पुढे. एक गियर खाली ठेवून 2000–2500 आरपीएम, वेग 60 ते 80, सलग 20–25 मिनिटे. पाय सारखा वर-खाली करू नका. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होते आणि फिल्टर थंड पडतो. दिवा विझला तरी आणखी पाच मिनिटे चालवा. परत आल्यावर पंखा जोरात फिरत असेल तर तो शांत होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. आणि अशी तापलेली गाडी वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर कधीही उभी करू नका, पेट घेईल.

दिवा उघडझाप करतो आहे, सोबत चेक इंजिन आहे, किंवा गाडी जोर धरत नाही, असे असेल तर हायवेचा प्रयत्न नको. काजळी फार साठलेली असताना ती पेटली आणि त्याच वेळी गाडी सिग्नलला आयडलिंगवर आली, तर हवेचा झोत कमी होऊन आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि सिरॅमिकला तडे जातात. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून उभ्या गाडीवर रीजनरेशन करता येते.

तिथे मात्र एक प्रश्न जरूर विचारा: चोक का झाला? नुसते जाळून दिले तर महिन्याभरात परत याल. दाबाच्या सेन्सरची नळी चिरलेली असू शकते, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करायला तापणारा) मेलेला असू शकतो, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा) अडकलेला असू शकतो, इंजेक्टर गळत असू शकतो. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते थर्मोस्टॅटकडे (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणाऱ्या झडपेकडे). तो उघडाच अडकला की इंजिन पुरेसे तापत नाही, रीजनरेशनची अटच पूर्ण होत नाही, आणि बाकी गाडी अगदी ठणठणीत वाटते. स्कॅनरवर कूलंटचे तापमान पाहा: 15 मिनिटे चालवूनही 70 च्या खाली रेंगाळत असेल तर तिथेच दोष आहे. शे-पाचशे रुपयांच्या नळीसाठी किंवा एका थर्मोस्टॅटसाठी अख्खा फिल्टर बदलल्याचा भुर्दंड लोकांना पडतो, याचे फार वाईट वाटते.

फिल्टर काढून आत पोकळ पाइप बसवून देणारे गॅरेजवाले भेटतील. ते करू नका. कायद्याने ते चालत नाही, वॉरंटी जाते, आणि ती काजळी मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत जाते.

---

जुनी गाडी

पाचव्या प्रश्नावर लिहितो. तीन वर्षांची डिझेल म्हणजे बीएस6, त्यामुळे वरचे सगळे आधीच्या मालकाने पाळले का हे शोधायचे आहे. गाडी पूर्ण थंड असताना बघायला जा. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागा.

पहिली खूण फुकट आहे. सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. चालू डीपीएफ असलेल्या गाडीचे टोक आतून राखाडी, जवळजवळ स्वच्छ असते. बोट काळेकुट्ट झाले तर फिल्टर फुटला आहे किंवा काढला आहे. तिथूनच परत या.

मग डिपस्टिक, वर सांगितल्याप्रमाणे. इंजिन चालू करून ऑइल भरायचे झाकण सैल करून वर ठेवा: हलके थरथरले तर ठीक, उडू लागले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. इंजिन बंद करताना गियरबॉक्सकडून खडखड आली तर फ्लायव्हीलकडे संशय घ्या. बऱ्याच डिझेल गाड्यांत तो दुहेरी वजनाचा असतो, क्लच प्लेटसोबत बदलला तर खर्च चांगलाच वाढतो.

स्कॅनरशिवाय सौदा करू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा चांगल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये या चार गोष्टी वाचून घ्या: आत्ताची काजळी, साठलेली राख, शेवटचे रीजनरेशन किती किमीपूर्वी पूर्ण झाले, आणि दोन रीजनरेशनमधले सरासरी अंतर. हे अंतर 300 च्या वर असेल तर गाडी हायवेला चालली आहे. 150 च्या खाली असेल तर ती शहरातच रांगली आहे, मग किलोमीटर कितीही कमी असोत. 25,000 किमी चाललेल्या शहरातल्या गाडीपेक्षा 70,000 किमी हायवेला चाललेली डिझेल मी डोळे झाकून सुचवीन. पेट्रोलमध्ये असे उलटे गणित सहसा लागत नाही.

सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ऑइलचा दर्जा आणि डिझेल फिल्टर केव्हा बदलला ते बघा. फिल्टरच्या तळाशी पाणी साठते, पावसाळ्यात जास्त, आणि कॉमन रेल पंपाला (इंजेक्टरना मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या) वंगण डिझेलचेच असते. पाणी गेले की पंप स्वतःला खरवडतो आणि तो धातूचा कीस चारही इंजेक्टरपर्यंत जातो.

जुनी बीएस4 दाखवली तर तिच्यात बहुधा डीपीएफ नसतो. लहान गाड्यांत गाजलेले 1.3 मल्टिजेट डिझेल इंजिन, जे आपल्या रांजणगावलाही बनायचे, त्याच काळातले. मारुतीने एप्रिल 2020 ला डिझेल बंद केले, कारण छोट्या गाडीवर बीएस6 ची ही यंत्रणा बसवण्याचा खर्च परवडणारा नव्हता. अशी गाडी शहरात कमी त्रास देते, पण तिचे वय बघा. महाराष्ट्रात 15 वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि हरित कर आलाच. पुढे बदली होऊन दिल्ली परिसरात जाण्याची शक्यता असेल तर जुनी डिझेल घेऊच नका. तिथे 10 वर्षांवरच्या डिझेलवर न्यायालयाचे निर्बंध आलेले आहेत.

---

पंचगंगाकाठ

टर्बो पेट्रोलकडे कल झाला आहे. घाटमाथा, टेस्ट ड्राइव्हला काय बघू?

---

घाटमाथा

चार माणसे बसवून आणि एसी चालू ठेवून न्या. एकट्याने चालवली तर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. पाषाण-सूस रस्त्याला किंवा कात्रजच्या जुन्या घाटात चढावर पूर्ण थांबवा, पहिल्या गियरमध्ये उचला, दुसरा टाका. दुसरा टाकल्यावर 1500 च्या खाली गाडी किती वेळ मान टाकते ते मोजा. तुमचा रोजचा पाऊण-एक तास त्याच पट्ट्यात जाणार आहे. ऑटोमॅटिक असेल तर हेच रांगत्या ट्रॅफिकमध्ये करा, सलग पंधरा मिनिटे. ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स) असेल तर चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबून ठेवा, नाहीतर क्लच तापतो.

आणि बॉनेट उघडून इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचे आहे का ते सेल्समनला नव्हे, वर्कशॉपच्या सुपरवायझरला विचारा.